दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

आकाशवाणीचं प्रसारण सुरू होण्याआधी वाजणारी ती धून आपण ऐकलेली आहे. परभणी केंद्र लावून ज्यांच्या घरात सकाळ उजाडायची, त्यांना तर ती झोपेतही ओळखू येईल. तानपुऱ्यावर फिरणारी व्हायोलिनची ती छोटीशी सुरावट वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. हे गृहस्थ १९०७ साली कार्ल्सबादला जन्मलेले, धर्माने ज्यू. युरोपातले दिवस फिरले तसे १९३४ मध्ये मुंबईला आले आणि १९३७ पासून रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. धुनेतलं व्हायोलिन मेहली मेहता यांचं, असं सांगतात.

कॉफमन यांनी मुंबईत पाय ठेवल्या ठेवल्या ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. चेंबर म्युझिक म्हणजे एका दिवाणखान्यात मावतील इतक्याच वादकांचं संगीत. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यावर मैफल व्हायची; मेहता व्हायोलिनवर, एडिजिओ वेर्गा चेलोवर आणि कॉफमन पियानोवर. मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट.

नांदेड-लातुरात व्हायोलिन शिकणारी मुलं आहेत, आणि ‘पुढे याचं काय होतं?’ असं विचारणारे पालकही आहेत. गवय्याची किंवा तबलजीची वाटचाल कशी असते, याचा आपल्याला साधारण अंदाज असतो. चार जणांनी मिळून एकच मेळ बांधायचा आणि त्यातच वीस-तीस-चाळीस वर्षं काढायची, हा प्रकार मात्र आपल्या भागात पाहायला मिळत नाही. तो कसा चालतो, कुठे अडतो, हे पहिल्यापासून पाहू.

आधी वाद्यं

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे गजाने वाजणाऱ्या चार तंतुवाद्यांचा मेळ: दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. व्हायोला दिसायला व्हायोलिनसारखाच, पण अंगाने मोठा आणि एका पंचमाने खाली लागणारा. चेलो खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांमध्ये धरतात. त्याचा सूर व्हायोलापेक्षाही एक सप्तक खाली. तबला नाही, तानपुरा नाही, समोर उभं राहून हातवारे करणारा संचालकही नाही.

संगीत सगळं लिहिलेलं असतं. प्रत्येकापुढे फक्त आपल्या वाद्याची ओळ असलेलं पुस्तक, त्याला ‘पार्ट’ म्हणतात. चौघे चार वेगळ्या ओळी वाजवतात आणि त्या एकत्र कानावर आल्या की रचना पुरी होते. हायडनची ६८ क्वार्टेटं, मोझार्टची २३, बीथोव्हेनची १६, शोस्ताकोविचची १५, बार्टोकची ६. एवढ्या पाच जणांतच सव्वाशेच्या वर रचना झाल्या. एका जन्माला पुरे.

पहिलं व्हायोलिन बहुतेक वेळा चाल घेऊन पुढे असतं, चेलो तळ धरतो. मधल्या दोघांचं काम ऐकणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. दुसरं व्हायोलिन कधी पहिल्याला साथ देतं, कधी लय हलती ठेवतं, कधी दोन मात्रांपुरती चाल उचलून परत देऊन टाकतं. बाहेरच्यांना वाटतं, दुसरं म्हणजे दुय्यम. माझ्या मते क्वार्टेट टिकणार की नाही, हे या खुर्चीवर कोण बसलंय त्यावरून ओळखावं.

शिकताना पहिला फाटा

आपल्याकडे व्हायोलिन शिकवतात ते बहुधा हिंदुस्थानी पद्धतीने. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवायचं, तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावायच्या. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटीखाली धरतात आणि चारही तारा एकमेकींपासून एकेका पंचमाच्या अंतरावर असतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी पक्क्या आहेत. पण एकीतून दुसरीत जायचं तर डावा हात नव्याने बसवावा लागतो आणि पाच रेषांची स्वरलिपी डोळ्यांत मुरावी लागते.

इथे पालकांची एक गफलत होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची प्रमाणपत्रं हातात असतात आणि मूल कुठल्याही वाद्यवृंदात बसेल असं वाटतं. त्या परीक्षा रागसंगीताच्या आहेत. क्वार्टेटकडे वळायचं असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजसारख्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा असतात, पहिलीपासून आठवीपर्यंत. त्या आठ पायऱ्या म्हणजेही दारापर्यंतचा रस्ता. आत शिरायला त्यानंतरचं शिक्षण लागतं.

दुसरी अडचण आपल्याला सांगायला नकोच. नववी संपली की वाद्य पेटीत जातं. लातूर पॅटर्न, नीट, जेईई, पहाटेचे क्लास आणि रात्रीच्या टेस्ट. हाताला वळण लागण्याची वर्षं नेमकी हीच असतात, बारा ते अठरा. ‘बारावीनंतर पुन्हा सुरू करू’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पुन्हा सुरू झालेलं क्वचित दिसतं. पूर्ण बंद करण्यापेक्षा रोज वीस मिनिटं, पण खंड न पाडता, हे परवडतं. मेहलींचे चिरंजीव झुबिन यांचीही गाडी आधी डॉक्टरकीच्या रुळावर होती. १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, ती सोडून ते संगीत शिकायला व्हिएन्नाला गेले. घरात रोज तालमी ऐकत वाढलेल्या मुलाची गोष्ट वेगळी, हेही खरं.

तिसरी अडचण वाद्यांचीच. चार मुलं जमवली की चारही व्हायोलिनवाली निघतात. व्हायोला आणि चेलो कोणाकडेच नसतो. यावर जुना उपाय आहे: एकाने व्हायोलाकडे वळायचं. लंडनच्या नामांकित अमेडियस क्वार्टेटमधले पीटर शिडलॉफ मुळात व्हायोलिनवादकच होते. चेलोसाठी मात्र वेगळं मूल लहानपणापासून तयार करावं लागतं. त्यासाठी अर्ध्या आणि पाऊण मापाचे चेलो मिळतात.

ऑनलाइन मागवलेल्या वाद्याबद्दल एक सूचना. व्हायोलिनच्या पोटात एक लहान लाकडी खुंटी नुसती दाबाने उभी असते, तिला साउंडपोस्ट म्हणतात. वरच्या पातळ फळीला तिचाच आधार असतो. कुरिअरच्या हिसक्यात ती पडते आणि आत काहीतरी खडखडतं. अशा वेळी तारा ताणू नका, नाहीतर फळी खचते. आधी जाणकाराकडून ती उभी करून घ्या.

आणि आपलं हवामान. मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकला की कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, जोड उकलतात. पावसाळ्यात त्याच खुंट्या अशा धरतात की फिरता फिरत नाहीत. वाद्य उन्हातल्या गाडीत कधीही ठेवू नका, वाजवून झालं की गजाचे केस सैल करा, आणि कूलरच्या झोतासमोर सराव नको. एवढं पाळलं तरी निम्मी दुरुस्ती वाचते.

चौघे जमतात कसे

बहुतेक क्वार्टेटं संगीत महाविद्यालयात जन्माला येतात. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९७६ मध्ये एमर्सन क्वार्टेट सुरू केलं. अमेडियसची कहाणी विलक्षण आहे. त्यातले तिघे व्हिएन्नाहून जीव वाचवून इंग्लंडला आलेले ज्यू तरुण. महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना परकीय म्हणून नजरकैदेत टाकलं, आणि ओळखी झाल्या त्या छावण्यांत. चौथे मार्टिन लव्हेट लंडनमध्ये भेटले. १० जानेवारी १९४८ रोजी विगमोर हॉलमध्ये त्यांची पहिली मैफल झाली.

इकडे आपल्याला पहिला मुक्काम मुंबईचाच. एनसीपीए या संस्थेने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, आणि मुलांना शिकवण्याचं कामही त्याला जोडलेलं आहे. मेहलींच्या नावाचं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनही मुंबईत मुलांना शिकवतं. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, पण निदान दिशा ठरते.

माणसं निवडताना होणारी चूक म्हणजे सर्वांत चांगले वाजवणारे चौघे शोधणं. चार एकल वादक एका खोलीत बसवले की पहिल्या महिन्यातच खुर्चीवरून रुसवे सुरू होतात. पाहायचं ते हे, की समोरचा चाल वाजवत असताना आपला आवाज कमी करून मजा घेणारा कोण आहे. एमर्सनवाल्यांनी खुर्चीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला: त्यांचे दोन व्हायोलिनवादक, युजीन ड्रकर आणि फिलिप सेट्झर, आळीपाळीने पहिल्या आणि दुसऱ्या जागी बसत. सगळ्यांना हे साधत नाही, कारण दोन्ही जागांचा गज वेगळा असतो.

नियम वहीत

जमल्यावर लगेच वाजवायला बसू नये, आधी एक वही काढावी. बुडापेस्ट क्वार्टेटचे नियम संगीतजगतात अजून सांगितले जातात. १९१७ मध्ये बुडापेस्टच्या ऑपेरातल्या चौघांनी ते सुरू केलं. नियम असे: वाद संगीताचा असो की व्यवहाराचा, निकाल मतदानाने. मानधन चौघांना सारखं, पहिल्या व्हायोलिनला जास्त नाही. क्वार्टेटबाहेरची कामं कोणी घ्यायची नाहीत. तालमीला आणि बैठकीला बायका-मैत्रिणींना प्रवेश नाही.

शेवटचा नियम आज कोणी मान्य करणार नाही, करूही नये. बाहेरची कामं न घेण्याचा नियम ज्याच्या घरी शेती किंवा वडिलांचं दुकान आहे त्यालाच परवडेल. पण पहिले दोन आजही जसेच्या तसे उचलावेत. त्यातही मानधनाचा. पहिल्या व्हायोलिनने शंभर रुपये जास्त घेतले की दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस वर्षाच्या आत दुसरीकडे काम शोधतो.

मतं दोन-दोन अशी पडली तर? तेही आधीच लिहून ठेवावं. एक चांगली पद्धत अशी, की वाद झाला की दोन्ही तऱ्हांनी वाजवून पाहायचं आणि मगच बोलायचं. अर्धे वाद तिथेच मिटतात.

तालीम: एका गांधाराचा प्रश्न

पूर्ण वेळ काम करणारं क्वार्टेट दिवसाला तीन-चार तास एकत्र बसतं, स्वतःचा रियाज वेगळा. त्या तासांत करतात काय, हे एका उदाहरणाने जवळून पाहू.

आपल्या कानाला एक गोष्ट आधीच ठाऊक आहे. तानपुऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून आपोआप गांधार उमटतो आणि तो पेटीवरच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. पक्के गवय्ये पेटीच्या साथीवर कुरकुरतात ते यामुळेच. आता क्वार्टेटमध्ये चेलोने षड्ज धरला, व्हायोलाने पंचम, आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या वाट्याला गांधार आला. तो त्या उतरलेल्या जागी बसला तर खोली भरून येते. पेटीच्या जागी बसला तर चौघेही सुरात असून आवाज खरखरतो, आणि दोष कोणाचा ते कळत नाही.

इतक्यात चेलो सरकून धैवतावर जातो. दुसरं व्हायोलिन तोच स्वर लांबवत असतं, पण नव्या तळावर तो पंचम ठरतो, आणि चेलोचा धैवत जरा चढा लागला असेल तर या स्वरालाही किंचित हलावं लागतं. आपल्या संगीतात षड्ज जागचा हलत नाही. इथे तळ दर दोन मात्रांनी बदलतो आणि मधल्या दोघांना बोटाच्या टोकाएवढं सरकत राहावं लागतं. श्रोत्याला हे कधीच दिसत नाही.

आणखी एक पेच वाद्यांतच आहे. चेलोची सर्वांत खालची तार आणि व्हायोलिनची सर्वांत वरची तार यांच्यामध्ये पंचमाच्या चार उड्या असतात. प्रत्येक उडी शुद्ध ठेवत वर गेलं की वरची मोकळी तार खालच्या षड्जाच्या शुद्ध गांधारापेक्षा एका प्रमाणश्रुतीने, म्हणजे अगदी बारीक अंतराने, चढी येते. दोन्ही तारा बिनचूक लागलेल्या आणि एकत्र मात्र विसंवादी! म्हणून बरीच क्वार्टेटं पंचम केसभर आत लावतात, किंवा तिथे मोकळी तार टाळून बोटाने स्वर धरतात.

यावरून सर्वांत जास्त दिसणारी चूक लक्षात येईल: प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरच्या ट्यूनरने सूर लावून बसणं. एकाने एक तार द्यावी, बाकीच्यांनी ती ऐकून लावावी, मग चौघांच्या तारा एकमेकांशी ताडून पाहाव्यात. पहिली दहा मिनिटं सावकाश, कंप न देता, नुसते लांब स्वर. कंप म्हणजे डाव्या हाताने स्वर हलवणं. तो दिला की बेसूरपणा झाकला जातो, म्हणून सुरुवातीला बंद.

सुरुवात एकत्र कशी करायची? पहिलं व्हायोलिन श्वास घेत गज जरा उचलतं, त्या श्वासातच लय कळते. नवखे वादक डोळे पुस्तकात खुपसून बसतात आणि तो श्वास चुकवतात. पुस्तकांवर गजाच्या खुणा, वर की खाली, नेहमी पेन्सिलने कराव्यात. आज ठरलेली खूण पुढच्या आठवड्यात बदलतेच.

भांडणं होणारच. ग्वार्नेरी क्वार्टेटवर १९८९ मध्ये एक माहितीपट निघाला. त्यात चौघे एकेका जागेवरून किती घासाघीस करतात ते दिसतं. ही मंडळी १९६४ पासून २००९ पर्यंत वाजवत राहिली. तालमीत शांतता असणं हे चांगलं लक्षण असेलच असं नाही. कधी कधी कोणाला आता फरक पडेनासा झालेला असतो.

पहिल्या मैफली

या संगीताला लहान जागा हवी. लंडनचा प्रसिद्ध विगमोर हॉलसुद्धा साडेपाचशे खुर्च्यांच्या आसपासचा. आपल्याकडे मैफल म्हटली की मोठं सभागृह ठरवतात, माइक लावतात, आणि साउंडवाला सवयीने घुमारा चढवतो. क्वार्टेटचा बारीक आवाज त्यात कालवला जातो. शाळेचा जुना दगडी हॉल, एखाद्या वाड्याची ओसरी किंवा महाविद्यालयाची संगीताची खोली चालेल. शंभर-सव्वाशे माणसं, माइक नको.

पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर पुस्तकांची पानं उडतात. म्हणून कार्यक्रम हिवाळ्यात ठेवावा आणि तरीही कपड्याच्या चिमट्यांचा एक पुडा जवळ असावा. रचनेचे बहुधा चार भाग असतात आणि मधे थोडं थांबतात. लोक तिथे टाळ्या वाजवतील. वाजवू द्या. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगून टाकलं की भाग चार आहेत, तर पुरे. श्रोत्यांना शिस्त शिकवायला गेलं की ते पुढच्या वेळी येत नाहीत.

प्रवासात चेलोचा हिशेब वेगळा धरावा. विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र तिकीट काढतात. रेल्वेत तो सीटखाली मावत नाही आणि दाराजवळ उभा ठेवला तर रात्रभर एकाला जागावं लागतं.

पैसा, म्हणजे खरी कारकीर्द

इथे जरा थांबू, कारण क्वार्टेटं बहुतेक याच पायरीवर संपतात. एका मैफलीचं मानधन आलं की त्यातून आधी प्रवास आणि मुक्काम जातो, एजंट असेल तर साधारण पंधरा-वीस टक्के तो घेतो, उरलेल्याचे चार भाग होतात. तालमीच्या तासांचे पैसे कोणीच देत नाही. नुसत्या मैफलींवर चौघांची घरं चालवणं युरोप-अमेरिकेतही फार थोड्यांना जमलं.

म्हणून तिकडे ‘रेसिडेन्सी’ निघाली. एखादी संस्था क्वार्टेटला आपल्याकडे ठेवून घेते: पगार, तालमीची खोली, ठरावीक मैफली आणि शिकवण्याचं काम. नांदेडकरांना हे समजायला अवघड नाही. गुरुद्वाऱ्याच्या सेवेतल्या रागी जथ्याला हजूरी रागी म्हणतात; कीर्तन रोजचं, श्रोते संस्थेचे, चरितार्थाची काळजी संस्थेची. जथ्याने फक्त सूर आणि वाणी सांभाळायची. क्वार्टेटला नेमका असाच आसरा लागतो.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला गर्ट्रूड क्लार्क व्हिटल या बाईंनी १९३०च्या दशकात स्ट्रॅडिव्हारीची वाद्यं दान केली आणि ती वाजती राहावीत म्हणून निधीही दिला. बुडापेस्ट क्वार्टेट १९६२ पर्यंत तिथलं निवासी क्वार्टेट होतं, त्यानंतर ज्युलियार्ड क्वार्टेट आलं. ताकाच क्वार्टेट १९७५ मध्ये हंगेरीत सुरू झालं आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्थायिक झालं.

मुंबईत काय होतं? वादक होते, त्यात गोव्याहून आलेले उत्तम व्हायोलिनवादक. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांनी चर्चच्या शाळांत गिरवलेली. त्यांची चूल चालायची हॉटेलांच्या बँडवर आणि पुढे फिल्मच्या रेकॉर्डिंगवर. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय वाद्यवृंद उभारून पाहिला. फिल्मच्या कामाने कित्येक घरं उभी राहिली, पण चौघांना वर्षभर एकत्र ठेवून पगार देणारी संस्था शहरात नव्हती. सिंथेसायझर आल्यावर फिल्ममधलं कामही आटलं.

मेहली मेहता १९४५ मध्ये न्यूयॉर्कला इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकायला गेले, परत आले, ऑर्केस्ट्रा चालवत राहिले. १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात नोकरी मिळाली आणि त्यांनी मुंबई सोडली. १९५९ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये गेले ते दुसऱ्या व्हायोलिनवर. ज्याने आपल्या शहरात ऑर्केस्ट्रा आणि क्वार्टेट दोन्ही उभं केलं, तो माणूस पन्नाशीत दुसऱ्या खुर्चीवर पाच वर्षं बसला. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पुढे १९६४ मध्ये लॉस एंजलिसला जाऊन त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी काढली आणि १९९८ पर्यंत तरुणांना वाजवायला शिकवलं. २००२ मध्ये ते गेले.

आज सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया पगार देतो. पण त्याच्या वादकांत कझाकस्तानसारख्या देशांतून आलेले बरेच आहेत, कारण त्या तयारीचे वादक इथे पुरेसे नाहीत. तेव्हा आपल्याकडच्या मुलाने क्रम असा लावावा: आधी ऑर्केस्ट्रा किंवा शाळेतली नोकरी, तिच्या जोडीला क्वार्टेट, आणि आठवड्याचे दोन वार तालमीला कायमचे राखलेले. ‘सगळ्यांना वेळ असेल तेव्हा भेटू’ असं ठरलं की भेट होत नाही.

पोट भरण्याची आणखी एक वाट क्रोनोस क्वार्टेटने काढली. १९७३ मध्ये सिएटलला सुरू झालेल्या या मंडळींनी जुन्या रचनांऐवजी नव्या लिहवून घेतल्या, हजाराच्या वर. २००५ मध्ये त्यांनी राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा संच काढला, तो सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना घेऊन. तबल्यावर झाकीर हुसेन. आशाताई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. फिल्मी गाण्यातला व्हायोलिनांचा ताफा चार वाद्यांवर कसा उतरवला, हे ऐकण्यासारखं आहे. इथल्या एखाद्या नव्या क्वार्टेटने नाट्यगीत किंवा अभंग हाती घ्यायचा विचार केला तर तिथून सुरुवात करावी. फक्त चाल पहिल्या व्हायोलिनला आणि बाकी तिघांना नुसता भरणा, असं करू नये. मग ती गाण्याची साथ होते, क्वार्टेट राहत नाही.

माणूस बदलतो तेव्हा

वीस वर्षांत कोणी आजारी पडतं, कोणाला दुसऱ्या गावी नोकरी लागते, कोणाचं जमत नाही. बुडापेस्ट क्वार्टेटमध्ये एकेक माणूस बदलत गेला आणि १९३६ पर्यंत चारही जण रशियन झाले, हंगेरीचा एकही उरला नाही. नाव तेच राहिलं आणि कीर्ती उलट वाढली. ग्वार्नेरीत एवढ्या वर्षांत एकच बदल झाला: २००१ मध्ये चेलोवादक डेव्हिड सॉयर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांचाच शिष्य पीटर वायली आला. नवा माणूस शोधताना हे बरं पडतं, गजाची सवय जुळलेली असते.

चूक होते ती घाईची. चार मैफली ठरलेल्या असतात म्हणून मिळेल त्याला बसवतात. पाहुणा वादक घेऊन त्या चार मैफली पार पाडाव्यात आणि कायमच्या जागेसाठी काही महिने तरी एकत्र वाजवून पाहावं.

थांबणं

अमेडियसने चाळीस वर्षांत एकही माणूस बदलला नाही. १९८७ मध्ये शिडलॉफ वारले, तेव्हा उरलेल्या तिघांनी नवा व्हायोलावादक न शोधता क्वार्टेटच बंद केलं. एमर्सनने आधी जाहीर करून, निरोपाच्या मैफली करत, ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटची मैफल केली. दोन्ही तऱ्हा चांगल्या. वाईट तऱ्हा म्हणजे कोणी काही न बोलता तालमी लांबत जाणं.

थांबताना चार गोष्टींचा निकाल लावायचा असतो: नाव कोणी वापरायचं, बँकेतल्या शिलकीचं काय, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली पुस्तकं कोणाकडे जायची, आणि वर्गणीतून घेतलेलं वाद्य कोणाचं. पुस्तकं शक्यतो गावातल्या नव्या विद्यार्थ्यांना द्यावीत, खुणा न खोडता. वाद्याचा प्रश्न सर्वांत चिघळतो, कारण चेलो चौघांच्या पैशाने येतो आणि वाजवतो एकच. तो वाजवणाऱ्याने ठेवला तर बाकी तिघांना पैसे परत द्यायचे का, आणि कोणत्या वर्षीच्या भावाने, हे चेलो विकत घेण्याच्या दिवशीच वहीत लिहून चौघांनी सही करावी.